माझ्यावर शिकवलेला शब्द

धाकट्या सरांच्या हातातून मार्कर पडला आणि मी तो उचलला. एवढंच झालं होतं.

हॉलमध्ये शंभरावर मुलं-मुली बसलेली. आठवड्यातून एक तास धाकटे सर इंग्रजी शब्द शिकवायचे. मी वसतिगृहातल्या मुलींच्या हजेरीचा कागद द्यायला आत गेले होते. फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहिलेला, खाली दोन रेघा. ऑब्सीक्विअस. अर्थ कुणालाच येत नव्हता. सर माझ्याकडं वळले.

"मॅडम, जरा थांबा. इथं, मध्ये उभ्या राहा."

मी उभी राहिले. सरांनी टेबलाच्या कडेवर मार्कर ठेवला आणि एका बोटानं ढकलला. मी वाकले. उचलला. दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला.

सर मुलांना म्हणाले, "मी उचलायला सांगितलं होतं का?"

"नो सर!"

"आता परत बघा."

मार्कर परत पडला. आता मला कळलं होतं. काय चाललंय, कशासाठी चाललंय, सगळं कळलं होतं. तरी मी वाकले. डोकं नको म्हणत होतं आणि कंबर वाकत होती.

"धिस इज ऑब्सीक्विअस," सर म्हणाले. "आता जन्मात विसरणार नाही तुम्ही हा शब्द."

हॉल हसला. आणि मी, हे लिहायला फार जड जातं, मी पण हसले. सरांचा विनोद मला आवडला असं दिसावं म्हणून.

मग सरांनी शब्द वाक्यात वापरायला सांगितला. मागच्या बाकावरच्या एकानं उठून वाक्य म्हटलं: आमच्या मॅडम सरांपुढं ऑब्सीक्विअस आहेत. सर म्हणाले, "गुड." मी कागद टेबलावर ठेवला आणि पाठ न दाखवता दारापर्यंत मागं मागं गेले. तशीच जायचे मी रोज.

सरांना एक गोष्ट माहीत नव्हती. किंवा माहीत होती आणि ते विसरले होते. मी इंग्रजीत एम.ए. आहे. नांदेडला झालेलं. तो शब्द मला सरांच्या आधीपासून येत होता.

मी अहमदपूर तालुक्यातली. घर गावाच्या पूर्वेला, विहाराच्या मागं. आम्ही बौद्ध. बाप अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. आजोबा निजामाच्या वक्ताचे, ते 'जी हुजूर' म्हणायचे. बाप 'जी मालक' म्हणतो. मी शिकले आणि 'जी सर' म्हणायला लागले. तीन पिढ्यांत आम्ही एवढं पुढं आलो.

लहानपणी बापासोबत मोंढ्यात जायचे. पाठीवर सोयाबीनचं पोतं असतानाही अडत्याचं पोरगं समोरून आलं की बाप बाजूला सरकायचा. रस्ता रुंद असायचा. पोरगं माझ्या वयाचं असायचं. एकदा मी विचारलं, "बाबा, पोतं तुमच्या पाठीवर हाय. मग त्यानं सरकायचं का तुमी?" बाप म्हणाला, "सरकलं म्हून काय झिजत न्हाई माय." पण झिजत होतं. मला दिसत होतं.

लातूरच्या त्या क्लासमध्ये मी शिकवायच्या नोकरीसाठी गेले होते. संस्थेचं नाव घेत नाही, ते आता पोलिसांच्या कागदावर आहे. मुलाखतीला मोठे सर आणि त्यांचा मुलगा, हे धाकटे सर. मी सगळी उत्तरं उभ्यानं दिली. बसा म्हणेपर्यंत बसले नाही, आणि ते बसा म्हणालेच नाहीत. शेवटी मोठे सर म्हणाले, "स्वभाव चांगला आहे. मुलींच्या वसतिगृहाला असंच माणूस पाहिजे. शिकवायचं पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष तीनदा येऊन गेलं. मी रेक्टर झाले. मुलींचे मोबाईल माझ्या कपाटात, गेटची किल्ली माझ्या कमरेला, आणि कुणाला बाहेर सोडायचं ते मात्र धाकट्या सरांच्या फोनवर.

स्टाफरूममध्ये चहा यायचा तेव्हा माझा कागदी कप असायचा. बाकीच्यांना चिनी मातीचे. कुणी काही बोललं नाही कधी. मीही नाही.

त्या तासानंतर दुपारी एक मुलगी माझ्या खोलीच्या दारात आली. वैष्णवी. लातूरजवळच्या मुरुडची. सतरा वर्षांची, बारीक, चष्मेवाली. वडील पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करून देतात, आई ब्लाउज शिवते. तिला डॉक्टर व्हायचं होतं. आमच्याकडं सगळ्यांनाच डॉक्टर व्हायचं असतं, पण ही रात्रंदिवस पुस्तकात असूनही दुसऱ्याची चौकशी करायची. मेसच्या मावशींचा पाय दुखतो हे तिच्याकडूनच मला कळलं होतं.

"मॅडम, त्या शब्दाचा मराठी अर्थ काय हो? सरांनी सांगितलाच न्हाई."

मी म्हणाले, "अतिशय नम्र."

"मग सगळे हसले कशाला?"

मी म्हणाले, "अभ्यास कर जा."

दुसऱ्या दिवशी ती लायब्ररीतली जाड डिक्शनरी छातीशी धरून आली. पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. "मॅडम, यात नम्र न्हाई दिलं. लाचार दिलंय. हांजी हांजी करणारा. नम्र माणसाला 'पोलाइट' म्हणतात. ते येगळं हाय."

शिकवायची माझी किती इच्छा होती, आणि पहिली विद्यार्थिनी मला हा शब्द घेऊन भेटली. मग मी तिला खरं शिकवलं. म्हणाले, "या शब्दाला इंग्रजीत पुढं 'टू' लागतं. कुणापुढं, ते सांगावं लागतं. पोलाइट माणूस सगळ्यांशी पोलाइट असतो, मेसच्या मावशींशी पण. हा शब्द फक्त वरच्या माणसापुढं लागू होतो. आणि पूर्वी हा शब्द वाईट नव्हता. सांगितलेलं ऐकणारा, कर्तव्याला जागणारा, असा अर्थ होता. हळूहळू वाईट झाला."

"कसा काय झाला?"

"ऐकणाऱ्यानं विचार करायचा सोडला की होतो."

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं बोलले. आणि त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात काय केलं ते आता सांगते.

शुक्रवारी सकाळी वैष्णवी नाष्ट्याला आली नाही. मी खोलीत गेले. ती गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. बेंबीपाशी दुखतंय म्हणाली. मी धाकट्या सरांना फोन लावला. रविवारी मोठी टेस्ट होती, पाहुणे येणार होते, सर गडबडीत होते.

"पाळीचं असेल मॅडम. गोळी द्या."

"पाळीची तारीख न्हाई म्हणते सर."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई सर. जी सर."

गोळी दिली. आजारी मुलींच्या वहीत नोंद केली. वेळ लिहिली, सरांना फोन केला ते लिहिलं, सर काय म्हणाले ते लिहिलं. ती सवय मला नांदेडच्या हॉस्टेलात लागलेली, तिथल्या रेक्टर बाई अशाच लिहायच्या. त्यात माझा काही शहाणपणा नव्हता.

शनिवारी सकाळी तिला ताप भरला. उलटी झाली. दुखणं आता पोटाच्या उजव्या बाजूला खाली उतरलं होतं. हात लावू देत नव्हती. मी परत फोन लावला. म्हणाले, सर, दवाखान्यात नेते, तासाभरात येते.

"उद्या मेन टेस्ट आहे. एक मुलगी दवाखान्यात गेली की दहा जणींच्या पोटात दुखायला लागतं. सोमवारी पाठवू. आणि पालकांना फोन करून उगीच घाबरवू नका. कळलं का?"

"जी सर."

फोन ठेवला तेव्हा वैष्णवी माझ्याकडंच बघत होती. तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं.

"मॅडम, मम्मीला एक फोन लावून देता का? फक्त बोलते. ये म्हणत न्हाई तिला."

तिचा मोबाईल माझ्या कपाटात होता. कपाटाची किल्ली माझ्याकडं. गेटची किल्ली माझ्याकडं. गेटच्या बाहेर रिक्षा उभ्या असतात. दवाखाना रिक्षानं दहा मिनिटं.

मी म्हणाले, "सोमवारी बोलू हं बाळा."

ती 'बरं मॅडम' म्हणाली. माझ्यासारखीच म्हणाली. तो आवाज माझाच होता. मी तो ओळखला आणि खोलीबाहेर निघून आले.

शनिवारी दुपारी तिचं दुखणं अचानक थांबलं. चेहरा उतरलेला होता, अंग गार लागत होतं, पण म्हणाली, "बरं वाटायलंय मॅडम." मला इतका आनंद झाला की मी हसले. वहीत लिहिलं: दुपारी दोन, दुखणे कमी. सरांनाही कळवलं. ते म्हणाले, "बघा, म्हणालो होतो ना." मी म्हणाले, "हाव सर." मला वाटलं, सुटले. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, अपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ दुखायचं थांबतं. त्याच वेळेला फुटलं असणार. मी ज्या वेळेला हसले त्या वेळेला.

रविवारी सकाळी ती टेस्टला निघाली. हातात ओळखपत्र, पारदर्शक बाटली, पॅड. जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसली आणि तिथंच आडवी झाली. तेव्हा मात्र मी फोन लावला नाही. गेट उघडलं, रिक्षा केली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. हे शुक्रवारी करता येत होतं.

दोन ऑपरेशनं झाली. पोटभर पू झालेला. नळ्या लावल्या. पहिले चार दिवस डॉक्टर खात्री देत नव्हते. आयसीयूच्या बाहेर तिची आई फरशीवर बसलेली. साडीला मशीनच्या धाग्याचे तुकडे तसेच चिकटलेले. शिवता शिवता उठून आली होती. मला बघून ती उभी राहिली. रागानं नाही. मॅडम आल्या म्हणून उभी राहिली.

"मॅडम, दोन दिस लेकरू तुमच्यापाशी होतं. तुमाला कळलं न्हाई का?"

माझ्या शेजारी धाकटे सर उभे होते. फळांची पिशवी घेऊन आलेले. त्यांनीच उत्तर दिलं. "मुली सांगत नाहीत हो ताई. लाजतात. आमच्या मॅडमना शेवटपर्यंत काही बोलली नाही ती."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. ती बाई मला म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. तुमचा काय दोस."

मला वाटलं होतं, हॉलमध्ये झाला तो माझा अपमान. तो काहीच नव्हता. तिथं फक्त मी वाकले होते. इथं माझ्या वाकण्याखाली एक लेकरू सापडलं होतं, आणि तिची आई माझी समजूत काढत होती.

दवाखान्यात नेल्याच्या तिसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच म्हणाले, "बसा मॅडम." चहा मागवला. कप चिनी मातीचा होता. तो कप मी उचलला नाही. तीन वर्षांत जे झालं नाही ते आज होतंय म्हणजे काहीतरी मोठं मागणार.

टेबलावर टाईप केलेला कागद होता. खाली माझं नाव, पद, सहीची जागा. 'सदर विद्यार्थिनीने तिला होत असलेल्या त्रासाबाबत मला कोणतीही कल्पना दिली नाही. सबब संस्थेस कळविण्याचा प्रश्न उद्भवला नाही.'

"फॉर्मॅलिटी आहे," सर म्हणाले. "जूनपासून इंग्रजीची एक बॅच तुमची. पूर्ण बॅच. मी बाबांशी बोललोय. आणि ती आजारी मुलींची वही इकडं जमा करा. नवीन वही देतो."

बाहेर मुलांची रिसेस चालू होती. आत एसीचा आवाज. सर घाईत नव्हते. त्यांनी कॅलेंडर बघितलं, मोबाईल बघितला. त्यांना खात्री होती. माझ्याबद्दल इतकी खात्री मला स्वतःला कधी नव्हती.

मी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "न्हाई."

सर थांबले. 'न्हाई'च्या पुढं काहीतरी येईल म्हणून थांबले. 'न्हाई सर' तरी येईल. मी पुढं काही लावलं नाही. तो एक शब्द तसाच टेबलावर पडून राहिला. मी कागद त्यांच्याकडं परत सरकवला. शूर बिर मी काही झाले नव्हते.

"परत बोला?"

"सही करणार न्हाई. तिनं सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं. दोनदा."

सरांचा आवाज चढला नाही. उलट खाली आला. "मॅडम, तुम्हाला कळतंय ना? हा कागद नसला तर सगळं कुणावर येतं? किल्ली कुणाकडं होती?"

"माझ्याकडं."

"मग?"

"मग माझ्यावर येऊ द्या."

सर खुर्चीला टेकले. मग हसून म्हणाले, "तुम्हा लोकांना जागा दिली की हेच होतं. वडील मोंढ्यात असतात ना तुमचे? अहमदपूरला? बाबांची ओळख आहे तिथं."

मी उठले. खोलीतली वही घेतली आणि निघाले. गेटवर वॉचमननं पिशवी तपासली, त्याला तसा फोन आला होता. वही त्यानं काढून घेतली. मी घेऊ दिली. पानांचे फोटो मी आदल्या दिवशीच काढले होते, सगळ्या पानांचे, आणि ते माझ्या भावाच्या मोबाईलवर पोचले होते.

तिथून मी थेट दवाखान्यात गेले. वैष्णवीच्या आईला बाकावर बसवलं. मी तिच्यापुढं फरशीवर बसले. ती नको नको म्हणत राहिली. तिला मोबाईलवरच्या फोटोतलं एकेक पान वाचून दाखवलं. शुक्रवार सकाळ. शनिवार सकाळ. फोन. काय म्हणाले. मी काय म्हणाले. मग वहीत नसलेलं सांगितलं. "तिनं तुमाला फोन लावून द्या म्हणलं होतं. मी दिला न्हाई."

ती उठून उभी राहिली. मग तिनं माझ्या कानाखाली मारली. एकदाच. मग तिथंच बसून मोठ्यानं रडली. नर्स धावत आली. मी हलले नाही. कुणी मला 'जाऊ द्या' म्हटलं असतं तर मला सहन झालं नसतं.

संध्याकाळी तिचे वडील आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार घ्यायला चार फेऱ्या लागल्या.

वैष्णवी वाचली. घरी आहे. पोटावर उभा व्रण, फार वेळ बसवत नाही, परीक्षा गेली. माझ्याशी ती बोललेली नाही. मी तिच्याकडं क्षमा मागायला गेले होते, तिनं दाराआडून आईला सांगितलं, आज नको. मी परत आले. तो तिचा हक्क आहे.

सही नाकारली त्याच दिवशी माझी नोकरी गेली. बाकीचंही सुरू झालं आहे. बापाला मोंढ्यात दोन अडत्यांनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही. गावात आमच्या गल्लीच्या तोंडाला एक पांढरी गाडी येऊन थांबते, काच खाली होत नाही, थोड्या वेळानं निघून जाते. अनोळखी नंबरवरून फोन येतो, पलीकडं कुणी बोलत नाही, फक्त श्वास ऐकू येतो. एकदा पलीकडचा माणूस बोलला. "बाई, तुझ्याच अंगाशी येईल. किल्ली तुझ्याकडं होती." क्लासच्या ज्या मुली साक्ष देतो म्हणाल्या होत्या त्यांतल्या दोघींच्या घरच्यांनी आता नंबर बंद केलेत. वकील म्हणतात, ते सगळं तुमच्यावर ढकलणार, तयारी ठेवा.

बापानं परवा विचारलं, "माय, मिटवून घेता येत न्हाई का?"

मी म्हणाले, "न्हाई बाबा."

"मला न्हाई वाटत भ्याव. तुझं वाटतं."

"मलाबी वाटायलंय," मी म्हणाले. बापानं उठून दाराची कडी हलवून बघितली, पक्की आहे का म्हणून.

सोमवारी पोलीस ठाण्यात माझा जबाब आहे. पांढरी गाडी तिथंही असेल. मी एसटीनं जाणार, गर्दीच्या वेळेला, भाऊ सोबत. काय बोलायचं ते मी वहीत लिहून ठेवलंय, कुणी पुढं घातलेला कागद नाही, माझ्या अक्षरातला. शुक्रवारपासून रविवारपर्यंत, तासागणिक. दोषी कोण असं विचारतील. पहिलं नाव मी माझं सांगणार आहे. त्यानंतरचं नाव सांगतानाही माझा आवाज तेवढाच राहील.